गादी सरकली, नस दबली: थांबायचं, इंजेक्शन घ्यायचं की ऑपरेशन?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल ४ - एल ५ डिस्क प्रोट्रुजन, नर्व्ह रूट कॉम्प्रेशन’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली आणि नसेचं मूळ दबलं, असं आलं की घरात दोन तट पडतात. एक सांगतो, मणक्याला चाकू लावू द्यायचा नाही, आमच्या गावातला एक जण कायमचा अंथरुणाला खिळला. दुसरा सांगतो, नस दबली आहे, उशीर केलात तर पाय जाईल. दोघांच्याही बोलण्यात काळजी असते, माहिती थोडी. आणि ज्याचा पाय ठणकतोय त्याला तर काहीतरी एक निवडायचंच असतं.

हा आढावा त्या निवडीपुरता आहे. दुखणं कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघून मांडीमागून पोटरीत, घोट्यात, पावलात उतरतं, खोकलं-शिंकलं की वीज चमकल्यासारखी कळ जाते, आणि रिपोर्टात त्याच बाजूची नस दबलेली दिसते, अशा सायटिकाबद्दल इथे लिहिलं आहे. पाय मोकळा आहे, फक्त कंबर धरली आहे, वाकलं की उसण भरते, तर गादीच्या ऑपरेशनचा प्रश्न सहसा येतच नाही. ते दुखणं बहुतेकांचं हिंडत-फिरत राहिल्याने काही आठवड्यांत उतरतं.

जिथे निवड उरत नाही

लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, किंवा एका पायातली कळ अचानक दोन्ही पायांत आली, तर गादीचा मोठा तुकडा खाली जाणाऱ्या नसांच्या अख्ख्या जुडग्यावर बसला आहे असं धरायचं आणि रात्र असली तरी त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायचं. याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. दिवस-दोन दिवसांत दाब निघाला नाही तर लघवीचा ताबा परत येईलच याची खात्री देता येत नाही. ही लक्षणं सांगायला माणसं लाजतात आणि कमरेच्या दुखण्यात डॉक्टर प्रत्येक वेळी विचारतीलच असं नाही. तेव्हा स्वतःहून सांगायचं.

दुसरी गोष्ट पायातल्या ताकदीची. घरात टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. नंतर भिंतीला नुसता हात टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा उचला. दुसऱ्या पायाशी तुलना करा. टाचांवर चालताना पंजा खाली पडत असेल, अंगठा वर उचलत नसेल, तर बहुधा एल ५ ची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याजवळून निघणारी नस. चवड्यावर वजन पेलत नसेल तर एस १, म्हणजे तिच्या खालची. घरात याची साधी खूण म्हणजे चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, किंवा उंबऱ्याला, पायरीला अंगठा ठेचतो. पंजा उचलताच येत नसेल, किंवा काल येत होता त्यापेक्षा आज कमी येत असेल, तर सर्जनची भेट त्याच आठवड्यात, जमल्यास दुसऱ्या दिवशी. ताकद थोडी कमी आहे पण तेवढ्यावरच थांबली आहे, तर लक्ष ठेवून थांबता येतं. हीच चाचणी रोज सकाळी करून तारखेसह वहीत लिहायची. ‘मला वाटतं कमी झालंय’ यापेक्षा ‘सोमवारी दहा वेळा टाच उचलली, गुरुवारी चार’ याने निर्णय लवकर होतो.

तिसरा गट गादीशी संबंध नसलेला. संध्याकाळचा ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं, आडवं होऊनही न थांबणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. एक्स-रे त्यात बरेच दिवस चांगला दिसतो, एमआरआयमध्ये लवकर कळतं, आणि औषधं किमान वर्षभर घ्यावी लागतात. पूर्वी कॅन्सर झालेला माणूस, हाडं ठिसूळ झालेली वृद्ध स्त्री हलकीशी पडली, किंवा तिशीतला तरुण सकाळी पाऊण तास आखडलेला असतो आणि चालल्यावर मोकळा होतो, या सगळ्यांचा रस्ता वेगळा. त्यांनी पुढची तुलना स्वतःला लावू नये.

रिपोर्ट किती मनावर घ्यायचा

‘गादी सरकली’ हा शब्दच थोडा फसवा आहे. मणक्यांमधली चकती वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती कॅरमच्या सोंगटीसारखी सरकत नाही. होतं ते पुरणपोळी लाटताना होतं तसं. कडेचं आवरण फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो शेजारच्या नसेवर दाब देतोच, शिवाय त्यातल्या रसायनांनी नस सुजते. कळ बरीचशी या सुजेची असते. म्हणून गर आहे तिथेच असताना दोन-तीन आठवड्यांत कळ निम्मी झाली, असं अनेकांच्या बाबतीत होतं. आणि बाहेर आलेलं पुरण लाटण्याने परत आत जात नाही, तसं कुणाच्याही झटक्याने किंवा खेचण्याने गर आत जात नाही. ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाताना हे आठवावं.

कंबर कधीही न दुखलेल्या माणसांचे स्कॅन पाहिले तर काय दिसतं? २०१५ मध्ये अशा सुमारे ३१०० जणांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत गादी फुगलेली होती. झीज तर पन्नाशीत ८० टक्क्यांना. म्हणजे पन्नाशीच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ आणि ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ येणं हे डोक्यावर पांढरे केस येण्यासारखं आहे. रिपोर्टाला अर्थ येतो तो पायाशी जुळल्यावर. कळ उजव्या पोटरीत आणि रिपोर्टात दाब डावीकडे, किंवा दुखतं मांडीच्या पुढच्या भागात आणि रिपोर्टात एल ५ - एस १, तर त्या रिपोर्टावर ऑपरेशन ठरवू नये.

आणखी एक गंमत. रिपोर्टातले जे शब्द वाचून घाम फुटतो, ते निसर्गाच्या बाजूचे असतात. गर आवरणाबाहेर पडून सुटा झाला (‘सिक्वेस्ट्रेशन’) तर शरीरातल्या पेशी त्याला परकं समजून खाऊन टाकतात. २०१५ च्याच एका आढाव्यात सुटा पडलेला तुकडा ९६ टक्के वेळा विरलेला किंवा आटलेला आढळला, ‘एक्स्ट्रुजन’ (गर बाहेर आलेला, पण गादीला जोडलेला) ७० टक्के, ‘प्रोट्रुजन’ (एका जागी फुगवटा) ४१ टक्के आणि नुसता ‘बल्ज’ (गादी सगळीकडून थोडी फुगलेली) १३ टक्के. मोठा तुकडा आहे म्हणून घाईने काढा, हे वाक्य त्यामुळे एकट्याने पुरेसं नाही.

बरं वाटल्यावर ‘आत काय झालंय बघू’ म्हणून पुन्हा एमआरआय काढण्यातही अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांचे वर्षानंतर स्कॅन काढले तेव्हा बरे झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांत आणि बरे न झालेल्यांपैकी ३३ टक्क्यांत गादी अजून बाहेर दिसत होती. फरकच नाही.

थांबणं आणि ऑपरेशन, समोरासमोर

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी माहिती नेदरलँड्समधूनच आली, २००७ साली. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लवकर ठरवलं, बहुतेकांचं सरासरी दोन आठवड्यांत झालं. दुसऱ्याला थांबवून औषधं, सल्ला आणि गरज पडली तर फिजिओथेरपी दिली. लवकर ऑपरेशन केलेल्यांतल्या निम्म्या लोकांना ४ आठवड्यांत बरं वाटलं, थांबलेल्यांतल्या निम्म्यांना १२ आठवड्यांत. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना दुखणं सहन न झाल्याने मध्येच ऑपरेशन करावं लागलं, सरासरी साडेअठरा आठवड्यांच्या आसपास. उरलेल्या ६१ टक्क्यांना वर्षभरात चाकू लागला नाही.

हे आकडे नीट वाचले तर निवड ‘बरा होईन की नाही’ अशी उरत नाही. ताकद शाबूत असेल तर दोन्ही वाटा वर्षाच्या शेवटी एकाच गावाला पोचतात. फरक मधल्या दोन-तीन महिन्यांचा आहे, आणि ते महिने तुम्हाला कसे पडतात यावर निवड ठरते. घरून काम करणाऱ्याला ते उभ्याने, आडव्याने काढता येतात. हमालाला येत नाहीत.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. कॅनडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार ते बारा महिने सायटिका असलेले १२८ जण होते. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं दहापैकी ऑपरेशन गटात २.८ आणि थांबलेल्या गटात ५.२ होतं. चार महिने उलटून पाय तसाच ठणकत असेल, तर ‘अजून थोडं बघू’ या सल्ल्यात दम राहत नाही.

| | थांबून व्यायाम | इंजेक्शन | ऑपरेशन |
|---|---|---|---|
| कधी योग्य | पहिले ६ ते १२ आठवडे, ताकद शाबूत | कळ झोपू देत नाही, ताकद ठीक | ताकद घटतेय, किंवा ६-१२ आठवड्यांनंतरही असह्य |
| आराम कधी | आठवड्यांच्या हिशेबात, चढ-उतारासह | काही दिवसांत, लागू पडलं तर | पायाची कळ बहुधा लगेच |
| टिकतं किती | बहुतेकांचं टिकतं | काही आठवडे, कधी काही महिने | टिकतं, पण शंभरात पाच ते दहा जणांची गादी तिथेच पुन्हा फुटते |
| मुख्य धोका | ताकद घटलेली लक्षात न येणं | साखर वाढणं, क्वचित नसेला इजा | जंतुसंसर्ग, नसेचं आवरण फाटणं |
| नुसत्या कंबरदुखीवर | चालतं | सहसा नाही | सहसा नाही |

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. गादीचं ऑपरेशन पायासाठी असतं. ‘ऑपरेशन करूनही कंबर दुखतेच’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

थांबायचं म्हणजे काय करायचं

इथेच बहुतेकांचं बिघडतं. थांबणं म्हणजे झोपून राहणं असं समजून माणूस तीन आठवडे पलंगावर काढतो, मांड्या सुकतात, बद्धकोष्ठ होतं, कुंथल्यावर कळ वाढते आणि मग ‘थांबून काही उपयोग झाला नाही’. पहिले एक-दोन दिवस कळ अगदी जीवघेणी असेल तर पडून राहा, त्यापुढे दिवसा सलग झोपणं नको.

पडायचं तेव्हा जमिनीवर सतरंजी टाकून उताणं, आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर. कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी.

चालणं हे मुख्य औषध. सुरुवातीला सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. कळ पोटरीत वाढायच्या आधी परत फिरायचं. दर दोन-तीन दिवसांनी एका फेरीत दोन मिनिटं वाढवा. सलग तीस मिनिटं जमली की फेऱ्या दोनवर आणल्या तरी चालतात.

बसणं हा या दुखण्याचा खरा वैरी. वीस-तीस मिनिटांवर बसू नका, मोबाइलवर गजर लावा. मऊ सोफा आणि जमिनीवरची मांडी दोन्ही काही आठवडे बंद. जेवायला खुर्ची. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर वरून ठेवायची खुर्ची मेडिकल सामानाच्या दुकानात मिळते. दुचाकी टाळा. गतिरोधकावरचा एक दणका आठवड्याची कमाई घालवतो. सकाळी उठल्यावर पहिला तास पुढे वाकू नका, कारण रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि तेव्हा तिच्यावर ताण जास्त येतो. केर, फरशी, बादली, बूट बांधणं, सगळं त्या तासानंतर. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन पाय पूर्ण शांत होईपर्यंत नकोत. ‘योगासनं चांगली’ हे खरं, पण पुढे वाकण्याची आसनं याच काळात नडतात.

व्यायामात पहिला मान पोटावर झोपण्याचा. पालथे पडा, दोन-तीन मिनिटं. मग कोपरांवर उठा, पुन्हा दोन-तीन मिनिटं. जमलं तर तळहात टेकवून छाती वर, कंबर सैल, बेंबीखालचा भाग जमिनीवरच, असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. भुजंगासनासारखं दिसतं, पण पाठ आवळायची नाही, वजन हातांवर. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिची कसोटी सोपी आहे आणि घरी वापरता येते. कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू ठेवा. कळ खाली उतरत असेल, पावलात मुंग्या वाढत असतील, तर त्याच क्षणी थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. काही जणांना मागे वाकणं मानवत नाही. विशेषतः साठीपुढे, ज्यांना चालताना दोन्ही पाय भरून येतात आणि वाकून किंवा बसून बरं वाटतं, त्यांचा मणक्यातला नसांचा मार्ग अरुंद झालेला असतो. त्यांना हे व्यायाम उलटे पडतात.

दोन-तीन आठवड्यांनी कळ गुडघ्याच्या वर आली की ताकदीचे व्यायाम. तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकून ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, दहा सेकंद, मग दुसरी बाजू. कुशीवर कोपर आणि गुडघा टेकून कंबर उचलून धरणं, दहा सेकंद. प्रत्येकी सहा-आठ वेळा. पाय ताणून नस ‘मोकळी’ करण्याचा नाद नको. ताणलेली नस आणखी चिडते, आणि हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) आखडलेत असं समजून पाय भिंतीवर ताणणारे याच कारणाने मागे जातात.

फिजिओथेरपिस्ट निवडताना एवढंच बघा की तो अर्ध्या तासातला किती वेळ तुम्हाला मशीन लावून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ट्रॅक्शन (कंबर खेचून ताण देणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स (विजेचे हलके झटके) आणि कमरेचा पट्टा सरसकट देऊ नये असं म्हटलं आहे. सायटिका हा थोडा वेगळा प्रकार असला तरी दहा दिवसांचं ट्रॅक्शनचं पॅकेज घेण्याआधी हे माहीत असावं. पट्टा एसटीच्या लांब प्रवासात किंवा नाइलाजाने उभं राहायचं असेल तेव्हा तासा-दोन तासांसाठी बांधा.

गोळ्या आणि घरगुती उपाय

डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी काही दिवस हातपाय हलवण्यापुरता आराम पडतो. त्यांचं काम तेवढंच. जेवणानंतर, डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांपुरत्या. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, न आटोपणारा रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. दोन वेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेणं ही नेहमीची चूक. मेडिकलवाल्याने दिलेल्या पाकिटात बऱ्याचदा दोन्हींत तोच घटक असतो.

नसेची गोळी म्हणून प्रीगाबालिन जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर दिसते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात २०९ सायटिका रुग्णांवर तिची चाचणी झाली. खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही, गरगरणं मात्र जास्त. घेत असाल तर गाडी चालवण्याबद्दल विचारा, आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद करू नका.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. स्नायूची उसण तीन-चार दिवसांत तशीही उतरते आणि श्रेय पायाला जातं. नुसता स्पर्श असेल तर हरकत नाही, पण गादी फुटलेल्या कमरेवर लाथ, उभं राहून तुडवणं किंवा झटका देऊन मणका बसवणं कुणालाही करू देऊ नका. कटीबस्तीने, म्हणजे उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल भरून ठेवण्याने, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि झोप लागते. तुकडा त्याने विरत नाही. बधिर कातडीला तेल किती तापलंय ते कळत नाही, म्हणून शेक किंवा तेल लावण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी हात लावून बघायला सांगा.

इंजेक्शन: मधली वाट

नसेच्या मुळाशी स्टेरॉइड सोडतात. दाब तसाच राहतो, सूज उतरते. कळीमुळे झोप उडालेली, चालता न येणारा माणूस व्यायाम करण्याजोगा होतो, हा त्याचा खरा उपयोग. ब्रिटनमध्ये १६३ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) इंजेक्शन आणि मायक्रोडिसेक्टॉमी (गादीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन) यांच्यात १८ आठवड्यांनी हालचालींच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे ताकद शाबूत असलेल्याने ऑपरेशनआधी एकदा याचा विचार करणं शहाणपणाचं.

घेण्याआधी विचारा की सुई सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर बघून टाकणार का, आणि आधी डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून जागा तपासणार का. नुसत्या हाताच्या अंदाजाने कमरेत दिलेलं इंजेक्शन वेगळं आणि हे वेगळं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, रोज मोजावी लागते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनाच विचारायचं. पहिल्याने अजिबात फरक पडला नाही तर दुसरं-तिसरं घेत बसण्यात फारसा अर्थ नसतो. ‘तीनचा कोर्स’ असा काही नियम नाही.

ऑपरेशन ठरलं तर कुठलं

मायक्रोडिसेक्टॉमी म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, सूक्ष्मदर्शकातून बघत बाहेर आलेला तुकडा काढणं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छेद सेंटिमीटरहून लहान, कधी फक्त जागा बधिर करून. नेदरलँड्समध्ये ६१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२२) पायाच्या दुखण्यावर दुर्बीण नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे छेदाच्या लांबीपेक्षा सर्जन त्यातली कुठली पद्धत नेहमी करतो ते विचारा. पहिल्यांदाच फुटलेल्या गादीसाठी ‘स्क्रू टाकावे लागतील’ असं कुणी म्हणालं तर कारण विचारा. मणका पुढे घसरलेला असेल, अस्थिर असेल तर स्क्रूला कारण आहे, आणि ते उभं राहून, पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये सहसा दाखवता येतं. दाखवता येत नसेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, एक-दोन दिवसांत घरी. आधी कळ जाते, मग हळूहळू ताकद येते, बधिरपणा सर्वांत शेवटी आणि कधी थोडा राहूनही जातो. बसून करायचं काम दोन ते चार आठवड्यांत, ओझ्याचं सहा ते बारा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत गादी पुन्हा फुटण्याचं प्रमाण जास्त आढळतं, तेव्हा ती ऑपरेशनआधीच सोडलेली बरी. टाके निघाल्यावर ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, किंवा बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कंबर नव्याने भयंकर दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं.

काम आणि पैसा

ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाला ऑगस्टमध्ये सायटिका झाली, तर बारा आठवडे थांबण्याचा अर्थ उचल घेतलेली असताना हंगाम बुडणं असा होऊ शकतो. पण सप्टेंबरात ऑपरेशन करून नोव्हेंबरात मोळी उचलणंही नसेला परवडणारं नाही. अशा वेळी मुकादमाशी बोलून तोडणीऐवजी हलकं काम मिळतं का, हा प्रश्न डॉक्टरांच्या प्रश्नाइतकाच मोठा. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्याचीही तीच गत, कारण त्याचं काम म्हणजे बसणं आणि दणके. संगणकावर काम करणाऱ्याने उंच टेबलावर उभ्याने काम, अर्ध्या तासाला फेरी, एवढी सोय करून घेतली तर तो बारा आठवडे काढू शकतो.

खाजगी आरोग्य विमा नवा असेल तर पॉलिसीत ‘प्रोलॅप्स्ड इंटरव्हर्टिब्रल डिस्क’ हे शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं या आजाराचं ऑपरेशन वगळलेलं असतं, आणि दाखल झाल्यावर हे कळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. एमआरआय, रेशन कार्ड, आधार घेऊन भरती होण्याआधी तिथे जा, आणि सर्जनने लिहिलेली नेमकी प्रक्रिया यादीत आहे का, स्क्रू असतील तर त्यांचा खर्च त्यात धरला आहे का, ते विचारून घ्या.